‘नाही’चा रकाना

कृष्णाकाठ हवामान केंद्रात रोजचा अंदाज ज्या फॉर्मवर भरला जाई, त्यात पावसासाठी चार रकाने होते. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी आणि सर्वदूर. २०३८ साल उजाडलं होतं, फॉर्म कागदावरून संगणकावर आला होता, पण रकाने तेच चार. ‘पाऊस पडणार नाही’ असं लिहायला त्यात जागाच नव्हती.

आकाश लख्ख असलं तर रकाने रिकामे ठेवून ‘हवामान कोरडे राहण्याची शक्यता’ हे ठरलेलं वाक्य निवडायचं. क्षितिजावर शेळीएवढा ढग दिसला की ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’. केंद्रात आयुष्य काढलेल्या माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरून ‘जेवायला येताय ना?’ असा फोन आला तरी ते ‘शक्यता आहे’ म्हणत.

आदिनाथ उपाध्ये हे तिथले वरिष्ठ अंदाजकार. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. नोकरीला लागले त्या दिवशी त्यांच्या साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “उपाध्ये, आकाशाला कधी ‘नाही’ म्हणू नका. ते ऐकत नाही आणि लोक विसरत नाहीत.” उपाध्यांनी हा सल्ला तीस वर्षं पाळला. माणूस हुशार, कष्टाळू. पहाटे पाचला वरच्या हवेची ऊब आणि ओल मोजणारा फुगा सोडायचा म्हणजे पाचलाच सोडायचा. पण तासगाव भागातल्या बेदाणा शेडवाल्यांनी त्यांना नाव ठेवलं होतं ‘शक्यताअण्णा’.

हे नाव पहिल्यांदा त्यांच्या सख्ख्या बहिणीने ठेवलं होतं, हे त्यातलं दुःख.

बहीण पद्मावती. तासगावजवळच्या करंजमाळला तिची बेदाण्याची शेड. ज्यांनी अशी शेड पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचं छप्पर असलेला, चारी बाजूंनी उघडा असा लांबलचक मांडव असतो. आत जाळ्यांचे दहा-अकरा मजले. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर पसरतात. पंधरा दिवस त्यांच्यातून कोरडा वारा खेळला की हिरवागार बेदाणा तयार होतो. पाणी लागलं तर डाग पडतात, बुरशी धरते. म्हणून मांडवाच्या बाजूंना ताडपत्रीचे पडदे गुंडाळून बांधलेले असतात. पाऊस आला की दोर सोडायचा, पडदे खाली.

पण खरी गोम पुढेच आहे. पडदे पडले की वारा थांबतो. आत ओल कोंडते. पहिल्या पाच-सहा दिवसांतला ओला माल एक रात्र जरी असा कोंडला, तरी त्याचा हिरवा रंग जातो आणि तो तपकिरी, काळा पडतो. म्हणजे येणारा पाऊस न सांगणं जितकं वाईट, तितकंच न येणारा पाऊस सांगणंही वाईट.

सात वर्षांपूर्वी केंद्राने सलग चार दिवस ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ दिली. भाऊच अंदाज लिहितो म्हटल्यावर पद्मावतीने चार दिवस पडदे सोडून ठेवले. एक थेंब पडला नाही. सगळा माल काळा निघाला. ती भांडली नाही. तिने एका स्टीलच्या डब्यात तो काळा बेदाणा भरला, वर चिठ्ठी चिकटवली, ‘शक्यताअण्णांना सप्रेम’, आणि डबा केंद्रात पाठवून दिला.

त्यानंतर बोलणं काही बंद झालं नाही. भाऊबीजेला ती ओवाळायची, आग्रहाने वाढायची. पण जेवणं झाल्यावर अंगणात बसून आभाळाकडे बघायची आणि कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचारायची, “काय ओ तात्या, येतोय का पाऊस?” भाऊ शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असायचा.

तो रिकामा डबा उपाध्यांनी केंद्रातल्या खणात ठेवला होता. परत द्यायचं धाडस झालं नव्हतं.

मार्च संपता संपता निलोफर मुल्ला केंद्रात आली. बत्तीस-तेहतीस वर्षांची, मूळची मिरजेची. ‘मेघदर्शी’ नावाचा उपग्रह ज्यांनी बांधला त्या गटातली शास्त्रज्ञ. तो वर जाऊन आठ महिने झाले होते आणि कामही चोख करत होता. अडचण खाली होती. देशभरचे अंदाजकार मेघदर्शीची चित्रं बघायचे, ‘छान आहे’ म्हणायचे आणि नेहमीचाच अंदाज लिहायचे. म्हणून गटाने निलोफरला केंद्राकेंद्रांवर पाठवायला सुरुवात केली होती. अकरा केंद्रं झाली होती. नऊ ठिकाणी मेघदर्शीचं चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं तिला आढळलं. दोन ठिकाणी त्याला हार घातलेला होता. अंदाजात मात्र कुठेच फरक नव्हता.

“चहा घे आधी,” उपाध्ये म्हणाले. चहाबरोबर भडंगाची बशी पुढे केली. मग चष्मा वर करून तिच्याकडे पाहत राहिले. “मुल्ला म्हणजे, चौथीत असताना शाळेबरोबर फुगा बघायला आली होतीस ती?”

“तुम्हाला आठवतं, काका?”

“दोर सोडायला तयार नव्हतीस. आणि विचारलं होतंस, हा फुगा जतला पण जाणार का?”

“तुम्ही म्हणालात, नाही, तो इथलंच सांगतो. मग मी विचारलं, जतचं कोण सांगणार?”

“आणि मी म्हणालो, जतचं अंदाजाने.” उपाध्ये हसले. “अजून तेच चाललंय.”

निलोफरने व्याख्यानाची चित्रं बाजूलाच ठेवली. तिने कागद घेतला आणि त्यावर एक विहीर काढली.

“आपल्या डोळ्यांना उष्णता दिसत नाही, पण हवेचा प्रत्येक थर उष्णतेचे किरण बाहेर टाकत असतो. मेघदर्शी हे किरण छत्तीस हजार किलोमीटरवरून बघतो. तो आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे कायम एकाच जागी टांगल्यासारखा असतो, नजर हटत नाही. आता हे किरण एका रंगाचे नसतात. मेघदर्शी त्यांचे सोळाशे बारीक बारीक रंग वेगळे करतो. गंमत अशी, की काही रंगांना हवा अगदी गढूळ पाण्यासारखी वाटते. त्या रंगात बघितलं तर फक्त वरवरची हवा दिसते. काही रंगांना ती थोडी निवळ वाटते, मग मधला थर दिसतो. आणि काहींना नितळ वाटते, थेट तळ दिसतो. एकच विहीर सोळाशे प्रकारच्या पाण्यांतून बघायची आणि मग गणित मांडून सांगायचं, की कुठल्या खोलीवर किती ऊब आहे आणि किती ओल आहे.”

“फुगाही तेच सांगतो,” उपाध्ये म्हणाले.

“सांगतो. दिवसातून दोनदा, आणि एकाच जागचं. शितावरून भाताची परीक्षा, काका. पण ती एका पातेल्यातल्या भाताची होते. जतचं पातेलं वेगळं, विट्याचं वेगळं. मेघदर्शी दर दहा मिनिटांनी सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडून बघतो.”

“आणि ढग आडवा आला तर?”

“तर त्याला खालचं दिसत नाही. ढगांच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच.” तिने ते लपवलं नाही, हे उपाध्यांना आवडलं.

मग तिने दुसरा कागद काढला. “मागच्या दोन महिन्यांत तासगावसाठी तुमच्या केंद्राने एकेचाळीस दिवस शक्यता दिली. पाऊस सहा दिवस पडला. मेघदर्शीची आकडेवारी नीट वाचली असती तर त्या एकेचाळीसपैकी सव्वीस दिवस ठाम ‘नाही’ म्हणता आलं असतं.”

“सव्वीसच्या सव्वीस बरोबर?”

“पंचवीस. एकदा चुकला असता.”

“तो एकदाच मला पुरेसा आहे,” उपाध्ये म्हणाले.

निलोफरने भडंगाची बशी बाजूला सारली. “काका, उपग्रह वापरा म्हणून सांगायला मी आले नाही. वापरता तुम्ही सगळेच. मला त्याच्या बाजूने उभं राहून बोलणारा माणूस हवाय. मी बोलले की लोक म्हणतात, पोरीने बनवलाय, ती कौतुक करणारच. ज्याने तीस वर्षं आभाळ बघितलंय तो बोलला तर फरक पडेल.”

“मी बोललो तर लोक म्हणतील, शक्यताअण्णा बोलले.”

ती हसली, पण त्यांनी खण उघडून तो स्टीलचा डबा आणि त्यावरची पिवळी पडलेली चिठ्ठी दाखवून बहिणीच्या काळ्या मालाची हकीकत सांगितली तेव्हा तिचं हसू थांबलं. डबा हातात घेऊन तिने एवढंच विचारलं, “आत्याची शेड अजून चालू आहे?”

“चालू आहे. दहा दिवसांत शेवटचा माल लागेल.”

निलोफर दोन आठवडे राहिली. उपाध्ये रोज तिच्या शेजारी बसून मेघदर्शीचे थर वाचत. पहिल्या दिवशी हाताची घडी घालून, तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन. सहाव्या दिवशी पहाटेचा फुगा वर गेल्यावर त्यांनी फुग्याचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि ते शाळकरी मुलासारखे ओरडले, “अगं, हे बघ, पाव अंशाचा फरक.” तरीही त्या दुपारी फॉर्मवर त्यांनी लिहिलं, ‘तुरळक ठिकाणी’.

नऊ एप्रिलला सकाळपासूनच आभाळ भरून यायला लागलं. दहाच्या सुमाराला पश्चिमेकडे काळ्या ढगांची भिंत उभी राहिली, मधेमधे उन्हाच्या फटी. उकाडा असा, की पंख्याखालीही सदरा अंगाला चिकटत होता. कोणालाही विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, आज येणार.

पद्मावतीच्या शेडमधला माल चार दिवसांचा होता. म्हणजे अगदी नाजूक. हे उपाध्यांना घरून कळलं होतं.

ते आणि निलोफर दोघेही स्क्रीनसमोर बसले. ढगांच्या फटींतून मेघदर्शीला खालचे थर दिसत होते. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यात जमिनीपासून अडीच किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा एक जाड थर पसरलेला होता. अंदाजकार अशा थराला झाकण म्हणतात. खालची दमट हवा तापून वर उसळते, पण वर तिच्याहून गरम हवा बसलेली असेल तर तिला पुढे जाता येत नाही. आमटी कितीही खदखदली तरी जड झाकण ढकलून बाहेर येत नाही, तसंच. ढग दिसतात, काळेही दिसतात, पण वाढत नाहीत. जतकडे मात्र हे झाकण सकाळपासून पातळ होत होतं. दर दहा मिनिटांनी थोडं आणखी.

“अडीचच्या सुमाराला जतला फुटेल,” निलोफर म्हणाली.

“अडीच ते पाच,” उपाध्ये म्हणाले. “आणि तासगावला नाही.”

तो शब्द उच्चारल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जणू जुने साहेब मागे उभे होते.

एक वाजता अंदाज चारशे शेडवाल्यांच्या फोनवर जायचा होता. ‘शक्यता’ लिहिली तर चारशे शेडचे पडदे पडतील, बहिणीचा माल पुन्हा काळा होईल, आणि त्यांच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. ‘नाही’ लिहिलं आणि पाऊस आला, तर चारशे शेड उघड्यावर भिजतील, आणि अकरा महिन्यांनी निरोप समारंभाला त्यांच्या नावाचं काय उरेल ते सांगायला ज्योतिषी नको.

त्यांनी फॉर्म उघडला. खाली ‘शेरा’ नावाची एक ओळ होती, तीस वर्षांत कोणी न भरलेली. त्यांनी तिथे दोन बोटांनी टाइप केलं: ‘तासगाव, पलूस, मिरज येथे आज पाऊस पडणार नाही. बेदाणा शेडचे पडदे उघडे ठेवावेत. जत येथे अडीच ते पाच जोरदार पाऊस. पडदे दोनपर्यंत सोडावेत.’

संगणकाने फॉर्म परत पाठवला. ‘पावसाचा उल्लेख असल्यास चारपैकी एक रकाना निवडणे आवश्यक.’

“जतसाठी ‘काही ठिकाणी’ निवडा,” निलोफर म्हणाली. “ते खरंच आहे.”

त्यांनी ते निवडलं. मग क्षणभर थांबून शेऱ्याच्या शेवटी स्वतःचं नाव टाइप केलं. अंदाजाखाली कोणी नाव लिहीत नसे. त्यांनी बटण दाबलं.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

“अण्णा, हे तूच लिहिलंयस का दुसऱ्या कुणी?”

“मीच.”

“नाही असं लिहिलंयस.”

“हो.”

मागे बायका बोलत होत्या, कुठेतरी पत्रा वाजत होता. मग पद्मावती म्हणाली, “इकडं ये मग. माझ्या शेडखाली उभं राहून म्हण.”

तीन वाजता निलोफरच्या गाडीतून ते दोघं करंजमाळला पोचले. आभाळ आणखी काळवंडलं होतं. शेडच्या चारी कोपऱ्यांत बायका दोराला हात लावून उभ्या होत्या. पद्मावती मधल्या खांबापाशी. तिने भावाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा भावाकडे.

“हे सगळं ‘नाही’च आहे ना?” वर बोट दाखवत तिने विचारलं.

“नाहीच आहे,” उपाध्ये म्हणाले.

“ही कोण?”

“मी निलोफर, आत्या. उपग्रह आमचा आहे.”

“बरं झालं आलीस. भिजलो तर एकट्या अण्णाच्या डोक्यावर खापर नको.”

बायका हसल्या. शेडवर सगळ्यांत जुनी असलेली हौसाबाई म्हणाली, “सायेब, आमच्या गुडघ्यांनी सकाळीच पाऊस सांगितलाय. गुडघं खरं का तुमचा उपग्रह?”

“हौसाबाई, तुमचे गुडघे ओल सांगतात, आणि ओल आहेच. ती वर जाईल का, हे गुडघ्यांना कळत नाही.” त्यांनी झाकणाची गोष्ट सांगितली. आमटी, पातेलं, जड झाकण. हौसाबाईने मान डोलावली, पण दोरावरचा हात काढला नाही.

निलोफरच्या हातातल्या टॅबलेटवर दर दहा मिनिटांनी नवं चित्र येत होतं. तासगाववरचं झाकण तीन वीसला पक्कं. साडेतीनला पक्कं. तीन चाळीसलाही पक्कं. जतवर ते फाटलं होतं आणि ढग तिथे वर वर चढत होता. तीन पन्नासला मात्र त्या ढगाच्या माथ्याची चपटी, पसरट कड वाऱ्याबरोबर सरकत तासगावच्या डोक्यावर आली. टॅबलेटवरचा तो भाग राखाडी झाला.

“बघू, काय म्हणतोय तो आता?” पद्मावतीने विचारलं.

निलोफरने खरं तेच सांगितलं. “आता काहीच म्हणत नाही, आत्या. वर ढग आडवा आलाय. त्याला खालचं दिसत नाही.”

सगळ्यांच्या माना उपाध्यांकडे वळल्या. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या डोळ्यापुढे पडदा आला होता, आणि आता जमिनीवर उभ्या असलेल्या एका माणसाने बोलायचं होतं. त्यांच्या ओठांवर तीस वर्षांचा जुना शब्द आला होता. अर्धा बाहेरही पडला असता.

तेवढ्यात पूर्वेकडून वारा आला. गार, मातीचा वास घेऊन. जाळ्या सळसळल्या. “आला आला,” म्हणत दोन बायकांनी दोराच्या गाठी सैल केल्या.

उपाध्ये मात्र वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी खिशातला छोटा तापमापक काढून खांबाच्या सावलीत धरला. मग शेडबाहेर गेले आणि पूर्वेकडच्या क्षितिजावर, जिथून वारा आला होता तिथे, वाऱ्याच्या पुढच्या कडेला नवा ढग उठतोय का ते पाहिलं. उठत नव्हता. ते परत आले तेव्हा चेहरा उजळलेला होता.

“हा जतचा वारा आहे. तिथे पाऊस सुरू झाला, त्याने हवा गार झाली आणि ती जमिनीवरून पसरत इथवर आली. दहा मिनिटांत पारा सात अंश उतरलाय. हौसाबाई, आमटी खदखदतेय, वर जड झाकण आहे, आणि खालचं जळतं लाकूडच ओढून घेतलं, तर काय होईल?”

हौसाबाईने विचार केला. “काय व्हायचंय? आमटी बसंल गप.”

“बसली गप.”

या वेळी सगळ्या जणी मोकळ्या हसल्या. आणि नेमकं त्याच वेळी पत्र्यावर टप्प असा आवाज झाला. मग आणखी एक. मग एकदम चार-पाच. मोठे, जाड थेंब. हसू जागच्या जागी थांबलं. पद्मावतीने मधल्या दोराची गाठ सोडली. आता दोर फक्त तिच्या मुठीत होता. मूठ उघडली की एका बाजूचा सगळा पडदा खाली.

“अण्णा?”

“जतचे थेंब आहेत,” उपाध्ये म्हणाले. आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत होता. “तिथल्या ढगाची कड आपल्यावर आलीय, तिच्यातून थोडं झडतंय. एवढंच.”

“वाढणार नाही?”

“नाही.”

“नाही?”

“नाही, पद्मा.”

तिने भावाच्या डोळ्यांत नीट पाहिलं. पत्र्यावर पुन्हा तीन थेंब वाजले. तिने दोर खांबाला गुंडाळला आणि गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.

“बसा गं सगळ्या,” ती म्हणाली. “चहा टाकते.”

चहा उकळेपर्यंत पत्रा गप्प झाला होता. पावणेपाचला उपाध्यांचा फोन वाजला. जतहून कोणी शेडवाला ओरडून बोलत होता, मागे पावसाचा असा गोंगाट की निम्मं ऐकूच येत नव्हतं. कळलं ते एवढं, की तिकडे धुवांधार चाललाय आणि त्याने दोनलाच पडदे सोडले होते. साडेपाचला पश्चिमेकडे ढगाच्या कडेखालून सूर्य बाहेर आला. तिरपं ऊन शेडमध्ये शिरलं आणि जाळ्यांचे अकराच्या अकरा मजले हिरवे चमकायला लागले. निलोफर दोन मजल्यांच्या मधे डोकं घालून ते लहान मुलीसारखी बघत राहिली.

“आत्या, आता तरी नाव बदला काकांचं,” ती म्हणाली.

“अजून अकरा दिवस आहेत,” पद्मावती म्हणाली. “माल निघू दे, मग बघू.”

बाराव्या दिवशी केंद्रात एक पुठ्ठ्याचं पार्सल आलं. आत हिरवा, लांबट, टपोरा बेदाणा. चिठ्ठीवर फक्त एक ओळ: ‘माझा जुना डबा परत पाठव. त्यात भरून देते.’

उपाध्यांनी डबा घासून पुसून स्वतः नेऊन दिला.

मे महिन्यात त्यांनी शिल्लक रजा काढली आणि निलोफरबरोबर निघाले. तेरावं केंद्र सीना नदीच्या खोऱ्यात होतं. तिथेही भिंतीवर मेघदर्शीचं चित्र होतं आणि त्याला ताजा हार घातलेला होता. दहा-बारा अंदाजकार चहाचे कप घेऊन, व्याख्यान लवकर संपावं अशा बेताने बसले होते.

उपाध्यांनी चित्रं लावली नाहीत. टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. “घ्या, बेदाणे खा. हा हिरवा माझ्या बहिणीच्या शेडमधला. हा काळा तिच्या शेजारच्या शेडमधला. त्याच दिवसाचा, त्याच बागेतल्या द्राक्षांचा. शेजाऱ्याने माझा अंदाज वाचला, पण जुन्या सवयीने शक्यता गृहीत धरून पडदे सोडले. चूक त्याची नाही. ती सवय आम्ही लावलेली.”

मग ते तासभर बोलले. विहीर, सोळाशे रंग, पातेली, झाकण, हौसाबाईचे गुडघे, सगळं आलं. मेघदर्शीबद्दल ते असं बोलत होते, जसा एखादा माणूस आपल्या नातवाबद्दल बोलतो. त्याचे दोषही हसत हसत सांगत होते. “ढग आला की याचे डोळे मिटतात. म्हणून तर आपण लागतो. तो तीन पन्नासला गप्प झाला, पण तोवर त्याने मला इतकं दाखवलं होतं, की पुढचं मी बोलू शकलो.” निलोफर मागच्या रांगेत बसून ऐकत होती. हिरव्या बेदाण्याची वाटी कधीच संपली होती.

तेजश्री वाघचवरे नावाची एक तरुण अंदाजकार उठून उभी राहिली. नोकरीला दोनच वर्षं झाली होती. “सर, पण पाऊस पडला असता तर?”

“तर दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावानिशी लिहिलं असतं, की मी चुकलो आणि का चुकलो. मला काहीतरी शिकता आलं असतं. शक्यता कधी चुकत नाही, म्हणून ती तीस वर्षांत काही शिकतही नाही. मीही नव्हतो शिकलो.”

कोणीतरी खाली बघून हसलं. एकाने उठून खिडकी उघडली. तेवढ्यात उपाध्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“अण्णा,” पद्मावतीचा आवाज आला, “उद्या गच्चीवर कुरडया घालायच्यात. घालू का?”

तिने आपणहून त्यांना उद्याचा अंदाज विचारण्याची सात वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. उपाध्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. फोन तेजश्रीपुढे धरला. “समोर मेघदर्शी आहे. करंजमाळ, तासगाव तालुका. तूच सांग.”

तेजश्री स्क्रीनकडे वळली. थर खाली-वर केले. एकदा मागचं चित्र पाहिलं, एकदा पुढचं गणित. “शक...” असं तिच्या तोंडून निघालं, आणि ती थांबली. तिने पुन्हा एकदा झाकणाचा थर तपासला.

“काकू, घाला. चारच्या आत काढा, नंतर पाऊस आहे,” ती म्हणाली. “चारच्या आधी नाही पडणार.”

“नाही?”

“नाही.”

“नाव काय गं तुझं?”

“तेजश्री वाघचवरे.”

“लिहून घेतलं,” पद्मावती म्हणाली. “उद्या संध्याकाळी तुला बेदाणा पाठवते. हिरवा का काळा, ते चार वाजता कळेल.”